महाराणी आणि आइस्क्रीमच्या काड्या

बाईंचं मत ठाम होतं. नवरा हा माणूस दौऱ्यावर न्यायचा नसतो. घरी कितीही गुणी असू दे, डोंगरावर त्याचं काही काम नाही. बावीस वर्षं त्यांनी हा नेम पाळला होता आणि बावीस वर्षं त्यांचे दौरे सुखरूप पार पडले होते.

बाई म्हणजे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई. आधी सुट्ट्यांत आणि निवृत्तीनंतर वर्षातून चारदा त्या हौशी माणसांना परदेशी रानफुलं दाखवायला घेऊन जायच्या. दहा-बारा माणसं, एक मिनीबस, छोटंसं हॉटेल, आणि सगळ्यांच्या पुढे गळ्यात भिंग अडकवलेल्या बाई. आवाज असा खणखणीत, की त्यांनी "पाय!" म्हटलं की मागच्या मागे सगळी रांग जागच्या जागी थिजायची. "पाय कुठे पडतोय ते आधी बघा. फुलं नंतर." हे वाक्य तर दिवसातून पन्नास वेळा.

पण यंदा एक सीट शेवटच्या क्षणी रिकामी झाली आणि यजमानांनी हट्ट धरला. "अगं, एकदा बघू तरी दे, तू तिकडे करतेस काय ते." बाईंचं त्या दिवशी डोकं दुखत होतं. नाही म्हणायचा कंटाळा आला म्हणून त्या हो म्हणाल्या. तेवढंच त्यांचं चुकलं.

यजमान होते नगरपालिकेतून निवृत्त झालेले स्वच्छता निरीक्षक. एकतीस वर्षं नोकरी. माणूस निवृत्त झाला, पण नजर कुठली निवृत्त व्हायला! पहिल्याच दिवशी त्यांनी हॉटेलच्या मागे जाऊन गटार तपासलं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला बसमधल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण का नाही म्हणून खुणा करकरून विचारलं. तिसऱ्या दिवशी दौऱ्यावर आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी संत्र्याची साल झुडपात टाकली, तर हे त्यांच्या मागे जाऊन उभे. "डॉक्टरसाहेब, ती उचला बरं. खिशात ठेवा." डॉक्टर म्हणाले, "अहो, कुजून जाईल ती." "कुजायला सहा महिने लागतात. तोवर मी इथे थांबू का?"

डॉक्टरांनी साल उचलली, पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाईंनी बसमध्ये बसल्यावर दातओठ खाऊन सांगितलं, "अहो, ही गिऱ्हाइकं आहेत माझी. तुमच्या वॉर्डातले दुकानदार नाहीत."

"मी काय वावगं बोललो?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना भांडायला वेळही नव्हता, कारण सगळं चित्त लागलं होतं चौथ्या दिवसाकडे. चौथ्या दिवशी महाराणी होती.

महाराणी हे बाईंनीच ठेवलेलं नाव. खरं शास्त्रीय नाव एवढं लांबलचक, की ते उच्चारेपर्यंत माणसाला धाप लागावी. उंची बोटाच्या पेरभर. एका झाडाला एकच फूल, तेही हिरवं. ऊन पडलं की उघडणार, ढग आला की मिटून बसणार. बर्फ वितळलं की त्या एका उतारावर जेमतेम दहा दिवस फुलते आणि बघायची तर गुडघे टेकावेच लागतात, म्हणून महाराणी. ज्या सहल कंपनीतर्फे बाई दौरे काढत, तिच्या जाहिरातीत पहिल्याच पानावर महाराणीचा फोटो होता. माणसं येत ती तिच्यासाठी.

आणि गेली दोन वर्षं ती कोणाला दिसलीच नव्हती. आधीच्या वर्षी बर्फ हटलं नव्हतं, गेल्या वर्षी पाच दिवस ढग. दोन्ही वेळा लोकांनी परत आल्यावर नाराजीचे फॉर्म भरून दिले. निघायच्या आधी कंपनीच्या मॅनेजर मुलीने बाईंना ऑफिसात बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, "बाई, यंदा महाराणी दिसायलाच हवी. नाहीतर हा दौरा आपण नव्या गाईडकडे देऊ या. तुम्हालाही आता चढ झेपत नसेल." चढ झेपत नसेल म्हणे! बाईंनी हा दौरा स्वतःच्या हाताने उभा केला होता. तो उतार त्यांनी शोधला होता, जेव्हा ही मॅनेजर शाळेत होती. बाकीचे दौरे गेले तरी चाललं असतं. हा गेला तर पोटचं पोर काढून नेल्यासारखं झालं असतं.

त्यामुळे चौथ्या दिवशी पहाटेच बाई एकट्या उतारावर गेल्या. यंदा बर्फ लवकर वितळलं होतं, हंगाम जवळजवळ सरलेला. तासभर त्या रांगत होत्या. तीन झाडं सापडली. दोन झाडांची फुलं गळून बी धरलेलं, आणि तिसऱ्यावर एकच कळी, आज उघडेल अशी. एक म्हणजे एक! बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी खिशातून काड्या काढल्या. आइस्क्रीमच्याच चपट्या काड्या, टोकाला लाल नेलपॉलिश लावलेलं. सहा काड्या कळीभोवती गोल, आणि आठ काड्या तिथपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी, म्हणजे माणसं त्यांच्यामधूनच चालतील. सगळे गाईड असंच काहीतरी करतात. नाहीतर पेरभर झाडाला माणसांच्या बुटांपासून वाचवायचं कसं?

काड्यांचं त्यांनी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना नीट समजावलंही होतं. फक्त त्या वेळी यजमान तिथे नव्हते. ते हॉटेलच्या स्वयंपाकघरात ओला कचरा आणि सुका कचरा यावर आचाऱ्याशी हातवारे करत होते.

साडेनऊला मंडळी चढायला लागली. चाल अगदी सावकाश, कारण सोबत आत्या होत्या. त्या कोणाच्या आत्या हे कोणालाच माहीत नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यांना आत्याच म्हणत होते. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले, आणि महाराणीसाठी तिसऱ्यांदा आलेल्या. आधीच्या दोन्ही वेळी हात हलवत परत गेलेल्या. दर वीस पावलांवर थांबत आणि म्हणत, "मी येतेय हो. तिला सांगा, थांब म्हणावं."

यजमानांना ही चाल काही मानवेना. आयुष्यभर गल्लीबोळ पायी पालथे घातलेला माणूस. "मी होतो का पुढे?" त्यांनी विचारलं. बाईंना वाटलं, बरं झालं, तेवढीच डोक्याची कटकट गेली. "व्हा. पण वाट सोडू नका."

अर्ध्या तासाने मंडळी शेवटच्या वळणावर आली तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं. पश्चिमेकडून ढग येत होते, पण अजून लांब होते. बाईंनी सगळ्यांना वळणावरच थांबवलं, "इथून पुढे माझ्या मागे, एकामागे एक," असं बजावलं, आणि स्वतः चार पावलं पुढे जाऊन उतारावर नजर टाकली.

काड्या नव्हत्या.

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. हिरवा उतार, खडे, शेवाळ, सगळीकडे पसरलेलं बारीक गवत. चौदांतली एक काडी जागेवर असेल तर शपथ! आणि वर एका मोठ्या दगडापाशी यजमान उभे होते, हातात प्लॅस्टिकची पिशवी, चेहऱ्यावर चौकात सत्कार झाल्यासारखा आनंद.

"काय माणसं असतात गं!" त्यांनी वरूनच सांगितलं. "एवढ्या उंचावर येतात आणि आइस्क्रीम खाऊन काड्या टाकून जातात. चौदा! सगळ्या वेचल्या."

बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अहो, त्या माझ्या काड्या होत्या!"

"तू आइस्क्रीम खाल्लंस? सकाळी सकाळी?"

"देवा! काय पाप केलं होतं मी! कुठून उचलल्यात? नेमक्या कुठून? दाखवा मला!"

"ह्या इथून, दगडाच्या अलीकडून… अगं, ऐकून तर घे, मला तुला एक…"

"काही ऐकायचं नाही मला! एकतीस वर्षं गावाचा कचरा केलात, आता माझ्या कामाचा करा!" असं म्हणत बाई तरातरा वर निघाल्या. रागाने डोळ्यांपुढे अंधारी आलेली, नजर नवऱ्याच्या तोंडावर, आणि हात पिशवीकडे पसरलेला.

"अगं, थांब! पाय! पाय!"

बाई थांबल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी हे सांगत होतं. त्यांनी उजवा बूट हळूच उचलला. खाली ओल्या मातीत एक हिरवी चिंधी रुतून बसली होती. देठ मोडलेला, पाकळ्या चिखलात. उघडली होती हो. त्यांच्यासाठी, आत्यांसाठी, जाहिरातीच्या पहिल्या पानासाठी उघडून बसली होती.

वळणावरून डॉक्टरांनी हाक मारली, "बाई, येऊ का आम्ही?" त्यांना तिथून फक्त दोघांची डोकी आणि खांदे दिसत होते, आणि वाऱ्यात बोलणंही धड कळत नव्हतं.

बाई तशाच एका पायावर उभ्या. आणि तेवढ्यात यजमान दोन ढांगांत खाली आले, बाईंना कोपराने बाजूला सारलं, त्या चिखलावर स्वतःचा बूट ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "येऊ नका. घोटाळा झाला. माझा पाय पडला तिच्यावर."

मग जे व्हायचं ते झालं. डॉक्टर धावत आले आणि वाटेल ते बोलले. संत्र्याच्या सालीपासूनचं सगळं बाहेर पडलं. "आम्हाला अक्कल शिकवत होता आणि स्वतः?" मोठी लेन्स घेऊन आलेल्या फोटोवाल्याने कॅमेरा उघडलाच नाही, नुसता उघड्या तोंडाने बघत राहिला. आत्या सगळ्यांत शेवटी वर पोचल्या. त्यांना कोणीतरी काड्यांचं आणि पायाचं सांगितलं. त्या खाली दगडावर बसल्या, गुडघे चोळले आणि एक अक्षरही बोलल्या नाहीत. बाईंना तेच सगळ्यांत लागलं.

बाई का बोलल्या नाहीत? आधी धक्क्याने बोलल्या नाहीत. मग डॉक्टरांनी सुरुवात केली आणि बोलायची वेळ टळून गेली. पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. हो, बरं वाटलं! आपल्यावर आलेलं परस्पर टळलं म्हणून एक क्षणभर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या श्वासाची मग त्यांना दिवसभर किळस येत राहिली. दुपारी ढग आले. सगळ्यांनी आणखी तासभर रांगून शोधलं. एक फूल मिळालं नाही.

हॉटेलवर पोचेपर्यंत डॉक्टरांचा मेसेज कंपनीत जाऊन पोचला होता. मॅनेजरचा फोन आला. बाई खोलीच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मॅनेजर अगदी समजूतदारपणे बोलत होती. "बाई, कळलं मला. मिस्टरांचा पाय पडला ना? मग यात तुमचा काय दोष? फूल आलं होतं, तुम्ही शोधलं होतं, खुणा केल्या होत्या, डॉक्टरांनी तसंच लिहिलंय. दौरा तुमच्याकडेच राहील, काळजी करू नका. फक्त त्यांना पुन्हा आणू नका हं."

"नाही आणणार," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. हवं होतं ते मिळालं होतं.

आत यजमान बाथरूमच्या नळाखाली बूट धूत होते. चिखल निघाला होता तरी ब्रशने घासतच होते.

"कोणी सांगितलं होतं हो तुम्हाला मध्ये पडायला?" बाई कडाडल्या. राग कुठेतरी काढायलाच हवा होता.

"दौरा जाणार होता ना तुझा?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"झोपेत बडबडतेस तू. घरी असतानाच कळलं होतं मला." त्यांनी बूट उलटा करून पाणी झटकलं. "मला शिव्या खायची सवय आहे गं. एकतीस वर्षं गावभर खाल्ल्यात. तुला नाही सोसायच्या."

बाईंनी टॉवेल घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. असला मेला चांगुलपणा! एखादा सणसणीत शब्द तरी बोलायचा होता त्यांनी, म्हणजे भांडता आलं असतं.

जेवणाआधी यादी असायची. दौऱ्याचा तो रोजचा शिरस्ता. सगळे हॉटेलच्या लांब टेबलाभोवती बसत, बाई दिवसभरातल्या फुलांची नावं वाचत, आणि ज्याने जे पाहिलं त्याने हात वर करून आपल्या कागदावर खूण करायची. उघडलेलं फूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तरच खूण. बाई त्यात कोणाला सूट देत नसत.

त्या संध्याकाळी यजमान टेबलाच्या पार टोकाला बसले. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. बाईंनी नावं वाचायला सुरुवात केली. पिवळी, जांभळी, दगडातली, ओढ्याकाठची. हात वर होत होते, पण मेल्या मनाने. बारावं नाव आलं तेव्हा बाईंनी गपकन तेरावं वाचलं.

"बारावं राहिलं," आत्या म्हणाल्या. दिवसभरातलं त्यांचं पहिलं वाक्य. "वाचा की. तिच्यासाठीच आलो होतो."

बाईंनी वाचलं. त्या लांबलचक नावाला आज मध्येच धाप लागली. कोणाचाच हात वर झाला नाही. आणि मग टेबलाच्या टोकाला एक हात अर्धवट वर आला, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलासारखा.

"म्हणजे… मला नाव माहीत नाही," यजमान म्हणाले. "पण हिरवं होतं. पाच पाकळ्या. पाकळीच्या कडेला पांढरी बारीक दोऱ्यासारखी रेघ, आणि आत खाली तीन-तीन काळे ठिपके, पण एका पाकळीत दोनच. मध्ये पिवळं काहीतरी, टाचणीच्या डोक्याएवढं. त्यावर एक मुंगी चढत होती आणि घसरून पडत होती. तेच का ते?"

तेच होतं. इतकं नेमकं वर्णन बाईंना परीक्षेत कुठल्या विद्यार्थ्याने लिहून दिलं नव्हतं. एका पाकळीत दोनच ठिपके असतात, हे तर बाईंच्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टर ताडकन म्हणाले, "म्हणजे तुम्ही बघितलंत? इतकं नीट बघितलंत आणि वर तुडवलंत? शाबास! आम्हाला वाटलं, चुकून पाय पडला."

यजमान म्हणजे खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. स्वतःच्याच खोट्यात असा अडकला, की मान खाली घालून टेबलावरचा चमचा सरळ करत बसला.

"बस करा डॉक्टर," बाई म्हणाल्या. वर्गातला आवाज लागला होता. "त्यांनी नाही तुडवली. मी तुडवली. माझ्या बुटाने. रागाच्या भरात खाली न बघता चालले. यांनी माझ्यावरचं स्वतःवर घेतलं आणि मी दिवसभर घेऊ दिलं."

"अगं!" यजमान खुर्चीवरून अर्धे उठले. "मिटलं होतं ना सगळं! काय गरज होती?"

"तुम्ही गप्प बसा! कधी नव्हे ते खोटं बोललात, तेही धड जमलं नाही!"

फोटोवाला खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. डॉक्टर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते. ते म्हणाले, "बाई, मी कंपनीला जे लिहिलंय ते…"

"ते खोडा आणि खरं लिहा. गाईडने तुडवली, असं लिहा. फॉर्मवर जागा असते." बोलता बोलता बाईंना कळत होतं, की हा उतार, ही वाट, ही टेबलाभोवतीची संध्याकाळ, सगळं त्या आपल्याच तोंडाने देऊन टाकताहेत. पुढच्या वर्षी इथे तो नवा गाईड बसेल. तरी शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

आत्या मात्र अजून यजमानांकडेच बघत होत्या. "मला एक सांगा हो. एवढं सगळं दिसलं, म्हणजे तुम्ही बराच वेळ बघत असणार."

"दहा-बारा मिनिटं असतील. जमिनीवर आडवाच झालो होतो."

"मग फूल दिसत असताना त्याच्याभोवतीच्या काड्या कशाला काढल्यात?"

यजमान कानकोंडे झाले. बायकोकडे एकदा बघितलं, पुन्हा चमच्याकडे बघितलं. "मला वाटलं, इतकं बारकं आहे, हिच्या नजरेतून सुटलं असेल. म्हटलं, ही आली की हिला दाखवू. आयुष्यभर ही लोकांना दाखवते, हिला कोणी काही दाखवलं नसेल. पण भोवती सगळा कचरा. कचऱ्यात कसं दाखवायचं? म्हणून म्हटलं, ही यायच्या आत जागा साफ करून ठेवू."

बाईंच्या हातातली यादी टेबलावर पडली. ती उचलायला कोणीच हात पुढे केला नाही.